तेंका कोणी शिकवल्यान?

गेल्या मे महिन्यात मालवणला मावशीकडे होते. सकाळीच बंदरावरून मोरी, म्हणजे आपल्याकडची लहान शार्क, आली होती, हातभर लांब, करड्या पाठीची, डोळे अजून पाणीदार. मोरी घेताना मावशी ती आधी नाकाशी नेते. मोरीच्या अंगात युरिया भरपूर असतो, खाऱ्या पाण्यात टिकून राहायची तिची ती सोय. पण मेल्यावर त्याचा अमोनिया होत जातो आणि शिळ्या मोरीला डोक्यात जाणारा दर्प सुटतो. मावशीला यातलं रसायन ठाऊक नाही, पण तो दर्प ती हातभर अंतरावरून ओळखते. मागीलदारी पाथरीवर तिने मोरीवर कढत पाणी ओतलं, कातडीची खर खरवडून काढली आणि मग आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून पोट उघडलं. आतडी जेमतेम मूठभर, आणि काळीज, म्हणजे यकृत, मात्र पोट भरून: दोन लांबच लांब पाकळ्या, फिकट पिवळट, तेलाने निथळणाऱ्या. ते तेल हाताला लागलं की साध्या पाण्याने जात नाही. माझा भाचा, यंदा आठवीत गेलेला, समोर उकिडवा बसून सगळं बघत होता. म्हणाला, "आजी, आफ्रिकेत ऑर्का शार्कला मारतात आणि फक्त हे एवढंच खातात. बाकीचा अख्खा शार्क टाकून देतात."

मावशीने मान वर केली. "एवढो मोठो मासो मारूचो नि नुसता काळीज खावचा?" पुन्हा कामाला लागली, आणि थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण ता पोटात खंय आसता, ह्या तेंका कोणी शिकवल्यान?"

"कोणी नाही, त्यांना येतंच," भाचा म्हणाला. "शार्कला येतं तसंच."

तिथे तो विषय संपला. वाटप वाटायचं होतं, सोलकढीचे नारळ खवायचे होते. पण त्याचं ते "शार्कला येतं तसंच" माझ्या मनातून जाईना. ऑर्का हा देवमासा आणि शार्क हा मासा, पण दोन्ही मोठे, दोन्ही काळे-पांढरे-करडे, दोघांच्याही पाठीवर तो त्रिकोणी पर, दोघांच्याही तोंडात दात. मुलाने त्यांना एका ओळीत बसवलं यात नवल काहीच नाही. आणि तरी पृथ्वीच्या पाठीवर इतक्या सारख्या दिसणाऱ्या आणि इतक्या वेगळ्या रीतीने जगणाऱ्या दुसऱ्या दोन शिकारी मला सांगता येणार नाहीत. मावशीने नेमका त्या वेगळेपणाच्या मुळावरच बोट ठेवलं होतं.

भाचा सांगत होता ती गोष्ट गान्सबायची. केप टाउनपासून दोनेक तासांवरचं हे मासेमारीचं गाव. समोर समुद्रात डायर आयलंड, त्याला लागून गायझर रॉक, त्यावर हजारोंनी लोळणारे केप फर सील, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात त्या सीलांसाठी येणारे ग्रेट व्हाइट शार्क. या पाण्याला शार्क ॲली असंच नाव पडलेलं. लोखंडी पिंजऱ्यात बसून ग्रेट व्हाइट डोळ्यांनी बघायला जगभरातून माणसं इथे यायची, गावाचा निम्मा संसार त्यावर चालायचा. २०१७ मध्ये फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान किनाऱ्याला शार्कची कलेवरं लागू लागली. त्यातली एक मादी ४.९ मीटर लांबीची होती. छातीच्या दोन परांच्या मधोमध फाटलेली, बाकी अंग जवळपास शाबूत, आणि आत काळीज नाही. मासेमारीच्या जाळ्याची खूण नाही, गळ नाही. त्या दिवसांत त्या पाण्यात दोन नर ऑर्का फिरत होते. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कलंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून खलाशांच्या भाषेत त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात. त्याआधी केप टाउनजवळच्या फॉल्स बेमध्ये सेव्हनगिल जातीच्या शार्कवर त्यांनी हेच केलं होतं. शास्त्रज्ञ ॲलिसन टाउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सगळी नोंद मांडली. प्रत्येक हल्ल्यानंतर गान्सबायचे ग्रेट व्हाइट आठवडेच्या आठवडे गायब होत होते, आणि हळूहळू ते यायचेच थांबले.

मग जून २०२३. दक्षिण आफ्रिकेतल्याच मॉसेल बेजवळ एकटा स्टारबोर्ड एका अडीच मीटरच्या तरुण ग्रेट व्हाइटच्या डाव्या छातीपराला धरतो, त्याला ढकलत नेतो, आणि दोन मिनिटांच्या आत काम संपतं. नंतर तो बोटीजवळून जातो तेव्हा त्याच्या तोंडात फिकट गुलाबी-पिवळा तुकडा असतो. त्या तुकड्याचा रंग मी मावशीच्या पाथरीवर बघितला होता.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना आमच्या प्रॅक्टिकलला स्कॉलिओडॉन असायचा. म्हणजे मोरीच, तीच आपल्या किनाऱ्यावरची, मुंबईकडे जिला मुशी म्हणतात ती, फक्त फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली. हल्ली ती चिरफाड बंद झाली आहे आणि ते योग्यच झालं, पण त्या टेबलापाशी जे बघायला मिळालं ते मी विसरू शकत नाही. कातडीचा बारीकसा तुकडा पोटॅशच्या द्रावणात उकळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकेक खवला दिसे आणि तो खवला नसून दात असे: मुळाशी तळ, वर मागे वळलेलं टोक, आत दाताला असतो तसा गर. अख्खा प्राणी दातांनी मढलेला. म्हणून तर मोरीवरून शेपटाकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. मग नाकाडाखाली सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. दाबली की त्यातून स्वच्छ चिकट रस यायचा. लॉरेंझिनीच्या कुप्या. त्या रसातून शार्कला वीज कळते. वाळूखाली दडून बसलेल्या माशाच्या स्नायूंतली, कल्ल्यांच्या हालचालीतली, आपल्या लेखी नसल्यासारखीच असलेली वीज. अंधारात, गढूळ पाण्यात, डोळे मिटूनही.

हे सगळं तिला जन्मतःच मिळतं. हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे अंग हलकं आणि लवचीक. दात पडला की मागच्या रांगेतला पुढे येतो, आयुष्यभर. तरंगण्यासाठी इतर माशांसारखी हवेची पिशवी नाही, तिची जागा तेलाने भरलेलं ते काळीज घेतं. मोठ्या शार्कमध्ये ते अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भरतं. चाळीस कोटी वर्षांहून जुना वंश आहे हा. पृथ्वीवर झाडं उगवण्याच्या आधीचा. इतक्या काळात जे जे शिकण्यासारखं होतं ते सगळं शरीरातच उतरलं, आता तिला कोणी काही सांगायची गरजच उरलेली नाही.

एका वर्षी आमच्या टेबलावर गाभण मादी आली. सरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. गर्भाशयात ओळीने पिल्लं, बोटाएवढी, आणि प्रत्येकाला नाळ. खरोखरची नाळ, वारेला जोडलेली, अंगावर बारीक झालरी असलेली. मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कच्या सगळ्या जातींत सर्वांत लहान म्हणून नोंदलेलं. त्यात पिल्लाला पुरेल असं काहीच नसतं, म्हणून आई स्वतःच्या रक्तातून त्याला वाढवते. आम्ही मुली त्या नाळांकडे बघतच राहिलो होतो. मला वाटलं होतं मासा म्हणजे पाण्यात अंडी सोडून मोकळा होणारा जीव, आणि इथे हे इतकं ओळखीचं काहीतरी. सरांनी मग शांतपणे पुढचं सांगितलं: नाळ तुटली की संपलं. ती पोरांकडे वळूनही बघत नाही, आणि पोरांनाही आई कोण हे कळायचं कारण नाही. सगळ्या शार्कचं तसंच. ग्रेट व्हाइटचं पिल्लू जन्मतः सव्वा-दीड मीटरचं असतं, दात तयार, पोहणं तयार, आणि त्या घटकेपासून एकटं. आईने द्यायचं ते सगळं जन्माच्या आत दिलेलं असतं. मला तेव्हा ते क्रूर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, पण त्यातला एकटेपणा अंगावर येतो तो येतोच.

ऑर्का मी बघितले ते अमेरिकेच्या वायव्य टोकाला, भावाकडे सिअ‍ॅटलला गेले होते तेव्हा. सॅन वॉन बेटाच्या पश्चिमेला लाइम किल्न पॉइंट म्हणून जागा आहे, खडक सरळ खोल पाण्यात उतरतात, त्यामुळे किनाऱ्यावर बसूनच देवमासे दिसतात. वहिनीने थर्मासमधून चहा नेलेला, वारा गार, पाण्यावर केल्प नावाच्या तपकिरी शेवाळाचे पट्टे डुलत होते. आधी दिसलं काहीच नाही. आधी ऐकू आला श्वास. जोरात सोडलेला, ओला, छातीच्या तळापासून आलेला श्वास, आणि त्यामागून दुसरा, तिसरा, थोडा बारीक चौथा. मग ते पर वर आले. मोठ्या नराचा पर माणसाच्या उंचीएवढा असू शकतो, पाण्यातून तो वर येतच राहतो. शार्क आणि ऑर्का यांतला फरक कुणाला डोळे मिटून सांगायचा असेल तर तो हा आवाज. शार्क कल्ल्यांनी पाण्यातूनच प्राणवायू घेते, ती कधीच अशी श्वास टाकायला वर येणार नाही. ऑर्का हा डॉल्फिनांच्या कुळातला सर्वांत मोठा. गरम रक्ताचा, दूध पाजणारा, डोक्यावरच्या एका भोकातून आपल्यासारखीच हवा घेणारा. समुद्रात राहूनही समुद्रात बुडू शकणारा प्राणी.

आणि शेपूट. शार्कची उभी, डाव्या-उजव्या अंगाला मारत जाते. ऑर्काची आडवी, वर-खाली. शाळेतल्या चित्रांत मुलं हटकून इथेच गल्लत करतात, आणि या एका आडव्या रेषेत सगळा इतिहास आहे. जमिनीवर चौखूर उधळणाऱ्या जनावराचा कणा वर-खाली वाकतो. देवमाशांचे पूर्वज तसेच चार पायांचे होते, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी पाण्याकडे वळलेले. त्यांच्या जवळच्या नात्यातला एक, मांजराएवढा, बारीक पायांचा इंडोहायस, आपल्या जम्मू-काश्मीरात कालाकोटच्या खडकांत सापडला; ते खडक भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले होते आणि कित्येक वर्षांनी त्यातून ही हाडं निघाली. पाय गेले, पण कण्याने धावण्याची लय सोडली नाही. त्या दिवशी लाइम किल्नच्या खडकावरून मी पाहत होते ते पाण्यातलं पोहणं मला पुढे कायम पाण्यातलं धावणं वाटत आलं आहे.

त्या समुद्रातल्या ऑर्कांची मोजदाद गेली पन्नासेक वर्षं होते आहे. मायकेल बिग या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पाठीवरच्या परावरून आणि त्यामागच्या करड्या डागावरून एकेक ओळखायला सुरुवात केली, आणि मग कोण कोणाची मुलगी, कोण कोणाची आजी, हे सगळं उलगडत गेलं. तिथल्या मासे खाणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगेही आणि मुलीही आयुष्यभर आईजवळ राहतात. नर दुसऱ्या कुटुंबातल्या मादीशी जुगतो आणि परत आईकडे येतो. तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली की पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढते असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. सहा-सात टनांचा, समुद्रात ज्याला कोणाचं भय नाही असा नर, आणि आई गेली की त्याला जगणं जड जातं. प्रत्येक कुळाचे स्वतःचे आवाज आहेत, पिल्लू ते ऐकून ऐकून शिकतं. याच पाण्यात सील खाणारे दुसरे ऑर्का फिरतात. दिसायला जवळपास सारखे, पण त्यांचं खाणं वेगळं, आवाज वेगळे, आणि दोघांत सोयरीक नाही.

२००२ च्या जानेवारीत सिअ‍ॅटलजवळ दोनेक वर्षांचं एक ऑर्काचं पिल्लू एकटंच सापडलं, आजारी, हाडं निघालेलं, तरंगत्या ओंडक्यांना अंग घासत राहणारं. कोणाचं हे कळलं ते त्याच्या आवाजावरून. ते आवाज होते शेकडो किलोमीटर उत्तरेच्या, कॅनडातल्या एका कुळाचे. आई मेलेली होती. या पोरीला स्प्रिंगर म्हणतात. तिला खाऊपिऊ घालून, बरी करून, जुलैत जहाजावरून उत्तरेला जॉनस्टोन सामुद्रधुनीत नेलं आणि तिची माणसं, माणसंच म्हणते मी, तिथून जात असताना पाण्यात सोडलं. त्यांनी तिला आपल्यात घेतलं. पुढे २०१३ मध्ये तिच्याजवळ तिचं स्वतःचं पिल्लू दिसलं. शार्कच्या पोराच्या बाबतीत ही गोष्ट घडूच शकत नाही. त्याला हरवायला घरच नसतं.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर ऑर्का मुद्दाम किनाऱ्यावर चढतात, सीलचं पिल्लू धरतात आणि अंग वळवळवत मागे पाण्यात सरकतात. पातागोनियातल्या पुंता नोर्तेलाही हेच. चुकलं तर वाळूवर अडकून जीव जाणार. क्रोझेला मोठ्या माद्या पिल्लांना वाळूच्या उतारावर ढकलताना, आणि अडकलं तर परत ओढायला मदत करताना पाहिलं गेलं आहे, शिकार नसतानाही, नुसत्या सरावासाठी. वर्षानुवर्षं हा सराव चालतो. अंटार्क्टिकात बर्फाच्या तुकड्यावर बसलेल्या सीलला खाली पाडायला काही ऑर्का एका रांगेत पोहत येऊन लाट उठवतात. नॉर्वेत हेरिंग माशांचा थवा घेरून आवळत आणतात आणि शेपटीच्या फटक्याने बधिर करतात. एकच प्राणी, पण एका समुद्रातल्या ऑर्काला दुसऱ्या समुद्रातली विद्या येत नाही. काळीज कुठे असतं हे जन्मतः कुठल्याच ऑर्काला माहीत नसतं. कोणीतरी एकदा शोधून काढलं असणार, आणि मग बाकीच्यांनी पाहिलं.

या शिकवण्यात म्हाताऱ्यांचा वाटा मोठा. त्या मासे खाणाऱ्या कुळांतल्या माद्या चाळिशीच्या आसपास विणं थांबवतात आणि त्यानंतरही कित्येक दशकं जगतात. माणूस आणि देवमाशांच्या मोजक्या जाती सोडल्या तर प्राण्यांत हे फार दुर्मीळ आहे. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की कळपाच्या पुढे बहुतेकदा या म्हाताऱ्या असतात, आणि सामन मासा कमी असेल त्या वर्षी तर हटकून असतात. कुठल्या वर्षी, कुठल्या नदीच्या मुखाशी, कधी मासा येतो हे त्यांच्या डोक्यात साठलेलं असतं. मी हे वाचलं तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, शरीराचा तो बदल नुकताच सुरू झालेला, त्यामुळे कदाचित जास्तच आत गेलं. आमच्या मावशीला मूलबाळ नाही. पण कुठला मासा कुठल्या महिन्यात घ्यायचा, कुठल्या घरी कोणाचं बिनसलं आहे, कुठला जमिनीचा कागद कोणत्या ट्रंकेत आहे, यासाठी तिन्ही भावंडांची पोरं तिलाच फोन लावतात.

जुलै २०१८ मध्ये सिअ‍ॅटलकडच्या त्या समुद्रात ताह्लेक्वा नावाची ऑर्का मादी, म्हणजे शास्त्रज्ञांच्या यादीतली जे-३५, हिचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात गेलं. ते मेलेलं पिल्लू ती डोक्यावर तोलत सतरा दिवस पोहत राहिली, सुमारे १,६०० किलोमीटर. पडलं की बुडी मारून पुन्हा वर आणायची. २०२५ च्या सुरुवातीला, दुसरं एक पिल्लू गेल्यावर, तिने पुन्हा तसंच केलं. जगभर लोक हळहळले. मीही रडले होते. आणि त्याच काळात कधीतरी एक आकडा वाचनात आला की मासेमारीत दरवर्षी सुमारे आठ कोटी शार्क मरतात. त्या आकड्यावर मला रडू आलं नाही. का आलं नाही हे मला आजही टोचतं. शार्कला शोक करता येत नाही म्हणून तिचा शोक आपणही करायचा नाही, असं काहीतरी आपण मनाशी ठरवून टाकलेलं दिसतं. ज्याच्या घरात आपलं घर दिसतं त्याच्यासाठी जीव तुटतो. मोरीच्या पोटातली ती नाळ बघून मीही तेवढ्यापुरती हळवी झाले होते, आणि पुढचं ऐकल्यावर माझी माया आटली होती.

ऑर्कालाही आपल्या मायेने काही वाचवलेलं नाही. ऑगस्ट १९७० मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेला पेन कोव्हमध्ये बोटींनी आणि स्फोटकांच्या आवाजांनी ऑर्कांची कुटुंबं कोंडून त्यांची पोरं पकडली गेली. त्यातली टोकिटे नावाची चारेक वर्षांची मादी मायामीच्या हौदात गेली आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिथे राहून ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच मेली. आपल्या कुळाचे आवाज ती त्या हौदातही काढायची. ग्रेट व्हाइटला मात्र हौदात ठेवणं माणसाला कधी नीट जमलेलंच नाही. बहुतेक खाणं सोडतात, भिंतींवर आपटतात, काही दिवसांत मरतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेमध्ये २००४ मध्ये एक तरुण मादी १९८ दिवस राहिली आणि मग तिलाही समुद्रात सोडून द्यावं लागलं. ऑर्का हौदात तगला तो शिकण्याच्या त्याच्या त्याच गुणामुळे. हात हलला की उडी, शिटी वाजली की मासा. जे आईकडून शिकायचं ते तो बादली घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडून शिकला. शार्क कोणाकडून काहीच शिकली नाही, आणि म्हणून तिला आपण वठणीवर आणू शकलो नाही.

निकोलची गोष्ट मला याचसाठी प्रिय आहे. ही ग्रेट व्हाइट मादी, गान्सबायचीच. नोव्हेंबर २००३ मध्ये तिच्या परावर उपग्रहाशी बोलणारी खूण लावली आणि ती निघाली. ९९ दिवसांत अकरा हजार किलोमीटर कापून ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी पोचली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये परत गान्सबायला हजर. नऊ महिन्यांच्या आत अख्खा हिंदी महासागर दोनदा. बरोबर कोणी नाही, आधी गेलेल्या कोणी वाट सांगितलेली नाही. इतका मोठा पल्ला ग्रेट व्हाइट ज्याच्या जोरावर गाठतात ते म्हणजे तेच तेलाने भरलेलं काळीज. प्रवासात ती चरबी हळूहळू वापरली जाते. तिची शिदोरी तिच्या पोटातच बांधलेली होती. पोर्ट आणि स्टारबोर्ड शार्कच्या अंगातून नेमकी ती शिदोरी काढून घेतात.

मे २०२२ मध्ये मॉसेल बेवर ड्रोनने एक शिकार वरून टिपली गेली. त्यात ऑर्का जवळ आल्यावर एक ग्रेट व्हाइट पळत नाही. तो ऑर्काच्या अगदी लगत, लहानशा वर्तुळात फिरत राहतो, नजर न हलवता. सील आणि कासवं खुद्द ग्रेट व्हाइटला चुकवताना हीच युक्ती करतात: शत्रूला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही, त्याच्यापेक्षा लहान वर्तुळ घ्यायचं. एकाशी गाठ असेल तर ही युक्ती चालते. शार्कच्या चाळीस कोटी वर्षांच्या अनुभवात शिकारी बहुतेकदा एकटाच येत असणार. पण ऑर्का एकटा नव्हता. वर्तुळाच्या बाहेरून दुसरे येत होते. ते चित्रण बघताना मी पहिल्यांदा, अगदी मनापासून, शार्कच्या बाजूची झाले. त्याने करायचं ते सगळं बरोबर केलं होतं.

शार्क काहीच शिकत नाही असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या फॅरलॉन बेटांजवळ ऑक्टोबर १९९७ मध्ये एका मादी ऑर्काने ग्रेट व्हाइटला उलटं करून धरून ठेवलं. शार्क उलटी झाली की तिला गुंगी येते, हालचाल थांबते, आणि हलणं थांबलं की ग्रेट व्हाइटच्या कल्ल्यांतून पाणी वाहणंही थांबतं. ते घडल्यावर त्या बेटांजवळचे बाकीचे ग्रेट व्हाइट नाहीसे झाले. पुढे खुणा लावून याचा नीट माग काढला गेला. २००९ च्या नोव्हेंबरात ऑर्का थोडाच वेळ तिथून गेले आणि खूण लावलेले सतराच्या सतरा शार्क काही तासांत निघून गेले. त्या हंगामात त्यांनी त्या बेटांचा नाद सोडला. कुणी कुणाला हाक मारली नाही. प्रत्येकाने आपापल्या अंगाने काहीतरी ओळखलं आणि प्रत्येक जण एकटाच निघाला. भाच्याचं "येतंच" हे इथे लागू पडतं, आणि ते कमी दर्जाचं आहे असं मला वाटत नाही.

गान्सबायच्या बोटी आता बरेचदा ब्राँझ व्हेलर नावाचे दुसरेच शार्क दाखवतात. फॉल्स बेमध्ये ग्रेट व्हाइट गेल्यावर सील आणि सेव्हनगिल वाढले आणि त्यांचं भक्ष्य असलेले मासे आणि लहान शार्क घटले, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. हे सगळं दोन झुकलेल्या परांच्या ऑर्कांच्या माथी मारणं मला पटत नाही. ग्रेट व्हाइट मादीला वयात यायला तीसेक वर्षं लागतात, तिची पोरं मोजकी. १९९१ मध्ये या शार्कला कायद्याचं संरक्षण देणारा दक्षिण आफ्रिका हा जगातला पहिला देश. पण डर्बनच्या किनाऱ्यावर १९५२ पासून पोहणाऱ्यांसाठी लावलेली जाळी पुढे सगळ्या क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर पसरली आणि त्यांत ग्रेट व्हाइट आजही मरतात, आणि ग्रेट व्हाइट ज्यांच्यावर जगतो ते लहान शार्क लांब दोरांच्या गळांवर वर्षानुवर्षं ओढले गेले. तिथल्या शास्त्रज्ञांत यावरून अजून जोरदार वाद आहे. ऑर्कांनी जागा रिकामी केली हे खरं, पण त्यांनी हात घातला तोवर घर बरंचसं रिकामं झालेलं होतं असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. ऑर्का पळवून लावतो आणि तेवढ्यापुरतं मारतो. जाळं चोवीस तास पाण्यात उभं असतं, आणि त्याला चुकवायची कुठलीही युक्ती शार्कच्या अंगात उतरायला अजून वेळच मिळालेला नाही.